टाळ टोचतायत की हेडफोनच टोचतोय?

प्रश्न: दादा नमस्कार, मी परळचा. आमच्या बेंजो पार्टीत आधी ऑक्टोपॅड वाजवायचो, आता दोन वर्षं मिक्सर बघतो कारण दुसरं कोणी बघायला तयार नाही. बारा चॅनलचा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर आहे. आत्तापर्यंत मोबाईलबरोबर आलेला इअरफोन लावून भागवलं, पण प्रोग्राम सुरू झाला की त्यात काहीच ऐकू येत नाही, आणि फुल्ल केला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कानात सूंऽऽ वाजत राहतं. बजेट सात-आठ हजार. दुकानदार म्हणतो एक्स्ट्रा बासवाला घे, मित्र म्हणतो ओपन बॅक घे, आवाज मोकळा येतो. बॅलन्स्ड पाहिजे असं सगळेच म्हणतात, पण बॅलन्स्ड म्हणजे नक्की काय रे?

उत्तर: मित्रा, आधी ते सूंऽऽ. ते हेडफोनचं दुखणं नाही, कानाचं आहे. दिवसाला आठ तास ऐकायचं तर ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ढोल-ताशाच्या शेजारी उभा राहून त्याच्यावर मात करायला इअरफोन फुल्ल करतोस म्हणजे तू पंधरा मिनिटांचा कोटा विसर्जनाच्या चार तासांत कितीदा संपवतोस बघ. आवाज एक-दोन दिवसांत गेला नाही तर कानाच्या डॉक्टरला दाखव, टाळू नको.

म्हणून तुझ्यासाठी पहिली गोष्ट बॅलन्स नाहीच, पहिली गोष्ट बाहेरचा आवाज किती अडतो ती. क्लोज्ड बॅक घे, म्हणजे मागून बंद कपाचा, कान पूर्ण झाकणारा. ओपन बॅक घरी शांत खोलीत मिक्सिंगला फार छान, तुझा मित्र खोटं बोलत नाहीये, पण त्याच्या जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं, तो लावून ताशासमोर उभं राहणं म्हणजे पावसात छत्रीच्या फक्त काड्या धरून उभं राहणं.

आता बॅलन्स्ड. हेडफोनने स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही, एवढंच. खर्ज जेवढा आहे तेवढाच, टाळ जेवढे तेवढेच. हे मी पैसे घालवून शिकलोय. सुरुवातीच्या काळात मी असाच एक दणदणीत बासवाला हेडफोन घेतला होता, गाणी ऐकायला काय मजा यायची! दादरला एका लावणीच्या कार्यक्रमात तो लावून बसलो, ढोलकी कानात घुमतेय म्हणून मिक्सरवर तिचा लो, म्हणजे खालचा खर्ज, कापला, अजून घुमतेय म्हणून अजून कापला, आणि मध्यंतरात ढोलकीवाले काका शांतपणे येऊन म्हणाले, "माझ्या ढोलकीचा पत्र्याचा डबा का केलास?" घुमत ढोलकी नव्हती, घुमत माझा हेडफोन होता. उलटंही होतं. हेडफोन वरच्या पट्टीत टोचरा असला की तू टाळ नि झांज दाबत जातोस आणि समोर बसलेल्यांना सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. दुकानात दोन मिनिटांत जो भारी वाटतो तो बहुतेक वेळा हाच पदरचं घालणारा असतो, मला तर आता जो पहिल्यांदा ऐकताना जरा कंटाळवाणा वाटेल त्याच्यावरच विश्वास बसतो.

पण कितीही बॅलन्स्ड घेतलास तरी एक गोष्ट लक्षात ठेव, प्रोग्राम चालू असताना बासचा निर्णय हेडफोनवर घ्यायचा नाही. क्लोज्ड बॅकचे कप वरचे सूर बऱ्यापैकी अडवतात, खालचा खर्ज मात्र फारसा अडत नाही, तो कपातून, हाडातून, पायाखालच्या फळीतून येतोच. त्यामुळे सब (खर्जाचा मोठा स्पीकर) जवळ असेल तर हेडफोनमध्ये बास आहे त्याहून जास्त वाटणार. बाससाठी हेडफोन काढ, पंधरा-वीस पावलं पुढे जा, पब्लिकमध्ये उभा राहून ऐक.

मग हेडफोन कशाला? तुझ्या मिक्सरवर पीएफएलचं बटण असेल, ते दाबलं की तो एकच चॅनल फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या) आधीचा ऐकू येतो, फेडर खाली असला तरी. कुठला माईक खरखरतोय, कुठल्या केबलला ५० हर्ट्झचा हम (विजेची गुणगुण) आहे, बेंजोचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) फाटतोय की अ‍ॅम्प फाटतोय, हे पब्लिकला न कळता शोधायचं असतं. हेडफोनचं खरं काम हे, पूर्ण मिक्स कानात बांधायचं नाही.

आता नावं. सेनहायझरचा एचडी २८० प्रो तुझ्या कामाला मला सगळ्यात जवळचा वाटतो, बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असा कंपनीचा दावा आहे, तेवढा सगळ्याच सुरांना अडत नाही पण ताशाजवळ फरक कळतो. डोक्याला घट्ट बसतो, पहिले काही दिवस शिकंजा वाटेल. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स आवाजाला जास्त सरळ, केबल काढता येते (गर्दीत कोणीतरी पाय देणारच), तो बजेटच्या काठावर येईल. त्याचाच मोठा भाऊ एम५०एक्स दुकानात सगळे पुढे करतात, त्यात बास थोडा चढा आहे, तुला गरज नाही. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासूनचा जुना खेळाडू, बारीक खरखर त्यात पटकन सापडते, पण वरचे सूर जरा टोचतात, तेव्हा टाळांवरून फेडर खाली ओढायच्या आधी दहा सेकंद थांबायचं. पैसे अगदीच कमी पडले तर एम२०एक्स घे, केबल कायमची जोडलेली आहे आणि अडवणं बेताचं, पण बास फुगवलेल्या कुठल्याही हेडफोनपेक्षा मी तोच घेईन. लॅमिंग्टन रोडला जाशील तर पक्कं बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे काढू नको, या नावाजलेल्या मॉडेलांच्या नकला हुबेहूब असतात. आणि मिक्सरच्या मोठ्या सॉकेटसाठी लागणारा पाव इंचाचा अडॅप्टर एक जास्तीचा घे, तो नेमका प्रोग्रामच्या दिवशी हरवतो.

घ्यायच्या आधी शक्य असेल तर कोणाचा तरी एक दिवस उसना आण. आईचा किंवा बायकोचा बोलताना आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून तो ऐक, रोज ऐकतोस तो आवाज नाकातून किंवा मडक्यातून आल्यासारखा वाटला तर तो हेडफोन नको. मग काहीही न लावता नुसता डोक्यावर चढवून लोकलमध्ये बस. "पुढील स्टेशन मुंबई सेंट्रल" शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू आलं तर परत करून टाक.

प्रश्न: आमचं मुलुंडला महिलांचं भजनी मंडळ आहे. गाताना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मुलाचा ब्लूटूथ हेडफोन लावून बघितला, भारीतला आहे, नॉइज कॅन्सलिंगवाला, तरी सगळ्या जणी बेताल व्हायला लागलो. आमचंच चुकतंय का?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पखवाजवाले तुमच्यापासून जवळपास ६९ मीटर लांब, क्रिकेटच्या तीन पिचच्याही पलीकडे बसून वाजवतायत असं झालं. कोण तालात राहील? नॉइज कॅन्सलिंग लोकलच्या, एसीच्या एकसुरी घरघरीवर चालतं, टाळांच्या ठोक्याला ते पुरं पडत नाही. तुम्हाला वायरवालाच लागेल, आणि साडी-अंबाड्यावर मोठा हेडफोन बसणार नाही तर वायरचे इन-इअर बघा, शुअरचा एसई२१५ आहे, कानात नीट बसला की बरंच अडवतो. पण खरं सांगू का, दहा जणींसाठी दहा इन-इअर घेण्याआधी एक छोटा मॉनिटर स्पीकर पुढे जमिनीवर तिरका ठेवून बघा, त्यात फक्त पेटी आणि मुख्य गायिकेचा आवाज सोडा. टाळ त्यात सोडू नका, ते असेही मुलुंडभर ऐकू येतात.

प्रश्न: बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओमचा घेऊ की २५० ओमचा? रेकॉर्डिंग मोबाईलवरूनही ऐकतो. (घाटकोपर)

उत्तर: ८० ओमचा. ओम जितके जास्त तितका हेडफोनला जोर जास्त लागतो. मिक्सरच्या हेडफोन आउटला २५० सुद्धा चालून जातो, मोबाईलवर तो पुटपुटतो. आणि त्याच्या मखमली गाद्या मुंबईच्या घामात रेक्झिनपेक्षा खूप बऱ्या, रेक्झिनची सालं निघायला लागली की कार्यक्रमानंतर कानाला काळे तुकडे चिकटलेले असतात आणि आपल्याला घरी येईपर्यंत कोणी सांगत नाही.