उन्हाचा ताप अंगावर काढणारे प्राणी

प्रश्न : वाळवंटातील हरणांवरील एका माहितीपटात असे ऐकले, की दिवसभराच्या उन्हात त्यांच्या शरीराचे तापमान कित्येक अंशांनी वाढते. आपल्याला 40 अंश ताप आला तर आपण डॉक्टरांकडे धावतो. मग या प्राण्यांना काहीच कसे होत नाही? आणि जिथे प्यायलाच पाणी नाही, तिथे ते घाम तरी कशाच्या बळावर गाळतात?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. घाम गाळणे परवडत नाही, म्हणूनच हे प्राणी शरीर तापू देतात. भोवतालची हवाच शरीरापेक्षा गरम असते तेव्हा उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन, मग ते घामावाटे होवो वा धापा टाकताना नाकातोंडावाटे. एक लिटर पाण्याची वाफ होताना शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. उपाय नामी आहे, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

ही किंमत कशी वाचवली जाते, हे 1950च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहारा वाळवंटात उंटांवर केलेल्या मोजमापांतून स्पष्ट झाले. रोज पाणी मिळणाऱ्या उंटाचे तापमान दिवसभरात जेमतेम 2 अंशांनी वरखाली होत असे. त्याच उंटाला तहानलेले ठेवले, की ते पहाटे 34 अंशांपर्यंत उतरे आणि दुपारी 40 अंशांच्या वर चढे. पाचशे किलोच्या शरीरात 6 अंशांची ही वाढ मुरवून घेणे म्हणजे चार-पाच लिटर घाम वाचवणे होय. साठलेली उष्णता रात्री गार हवेत आणि मोकळ्या आकाशाकडे आपोआप निघून जाते, त्यासाठी पाण्याचा थेंबही खर्च होत नाही. आपल्या तापाशी याची तुलना करता येणार नाही, कारण आजारात शरीर स्वतःच आपले तापमान वर नेते, तर इथे बाहेरून आलेली उष्णता केवळ रात्रीपर्यंत सांभाळून ठेवलेली असते.

उंट पाळीव झाला, पण ओरिक्स हे रानातले लांब शिंगांचे हरणही हेच करते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ सी. रिचर्ड टेलर यांनी पूर्व आफ्रिकेतील ओरिक्सला प्रयोगशाळेत कडक उष्णतेत ठेवले, तेव्हा त्याचे तापमान 45 अंशांपर्यंत जाऊनही त्याला इजा झाली नाही. मोकळ्या रानात मात्र सहसा इतकी वेळ येत नाही, कारण प्राणी तापमान तिथवर जाऊच देत नाही, आणि हे मला शरीररचनेइतकेच महत्त्वाचे वाटते. अरबस्तानातला ओरिक्स उन्हाळ्यात सकाळीच एखाद्या बाभळीसारख्या झाडाखाली येतो, पुढच्या खुरांनी वरची तापलेली वाळू उकरतो आणि खालच्या गार वाळूला पोट टेकून बसतो. मग दिवस कलेपर्यंत तो फारसा हलत नाही. चरणे रात्रीवर ढकललेले असते, आणि त्यात आणखी एक फायदा असतो. टेलर यांनी डिस्पर्मा नावाच्या झुडपाची पाने तपासली, तेव्हा दिवसा त्यांत जेमतेम 1 टक्का पाणी होते. रात्री हवेतला ओलावा शोषून तेच प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे चरण्याची वेळ बदलली, की तोच पाला पाणीही पुरवतो.

आता मेंदूविषयी. रवंथ करणाऱ्या बहुतेक प्राण्यांत मेंदूकडे जाणारी धमनी बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात विभागलेली असते, आणि नाकातील ओलाव्याने थंड झालेले रक्त परतताना या जाळ्याभोवतीच साचते. त्यामुळे मेंदूला थोडे गार रक्त मिळते. ‘तापलेल्या शरीरात मेंदू वाचवणारी यंत्रणा’ असे याचे वर्णन अनेक वर्षे होत आले. परंतु मोकळ्या रानातील प्राण्यांच्या शरीरात तापमापक बसवून मोजले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. प्राणी जीव घेऊन पळत असतो, शरीर सर्वाधिक तापलेले असते, नेमकी तेव्हाच ही यंत्रणा बंद पडते. आणि तो शांत उभा असतो तेव्हा ती चालू असते. आज अधिक पटणारा खुलासा असा, की तापमानावर लक्ष ठेवणारे केंद्र मेंदूतच असल्यामुळे ते गार राहिले की शरीराला घाम आणि धाप कमी करण्याचा इशारा मिळतो. थोडक्यात, येथेही बचत पाण्याचीच आहे. झेब्रा आणि रानगाढवे यांच्याकडे हे जाळे नसते; ती भरपूर घाम गाळतात आणि म्हणून पाणवठ्यापासून फार दिवस दूर राहू शकत नाहीत.

मूत्रपिंडे लघवी अतिशय घट्ट करतात, आतडी लेंड्यांतले पाणी शोषून घेतात, हेही या बचतीचेच भाग आहेत.

प्रश्न : मग वाढत्या उष्णतेची या प्राण्यांना चिंता नाही, असे म्हणायचे का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही, आणि मला स्वतःला याची फार काळजी वाटते. दिवसाची उष्णता रात्री सोडून देणे, हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे. रात्रच उबदार राहिली, तर प्राणी सकाळी आधीच तापलेला असतो आणि दुपारसाठी त्याच्याकडे कमी अंश शिल्लक राहतात. ती उणीव मग पाण्यानेच भरून काढावी लागते. अरबी ओरिक्स 1972मध्ये रानातून नामशेष झाला होता आणि 1982पासून ओमानमध्ये पुन्हा सोडला गेला. इतक्या कष्टाने परत आणलेल्या प्राण्याच्या दृष्टीने दुपार किती तापते याबरोबरच पहाट किती गार होते, याची नोंद ठेवणेही तितकेच गरजेचे आहे.