बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ म्हणजे चार्टवर नॉर्मल, मग डॉक्टर वजन जास्त का म्हणतात?

तुझे डॉक्टर बरोबर बोलतायत रे. २५ पर्यंत नॉर्मल हा आकडा मुख्यतः युरोपातल्या लोकांवरून आलाय, आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त असते आणि स्नायू कमी, त्यातही ती पोटात साठते आणि शुगर लवकर मागे लागते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय सेम २२.३, पण चरबी युडकिनना ९.१ टक्के आणि याज्ञिकांना २१.२!! हा फोटो शोधून बघच.

माझा धाकटा भाऊ मालवणात असताना रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला जायचा, आता कुडाळात दिवसभर खुर्चीवर. हातपाय अजून काडीच, म्हणून आई म्हणते पोरगा सुकला, आणि ताटात भाताचा अजून एक डाव पडतो. पण पट्टा पुरेना म्हणून त्याने खिळ्याने टोकाकडे दोन नवीन भोकं पाडलीत ते मी बघितलंय. कमर ९४ सेंटिमीटर, वय २६, जीव लागून राहतो हो.

म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. ९० च्या वर आली तर उपाशीपोटी शुगर करून घे, याच आठवड्यात.