टीव्हीवरचे विनोदी कलाकार गरीब घरातूनच का येतात? घरच्यांचा त्यांना पाठिंबा असतो का?

गरीब घरातूनच येतात हे आधी डोक्यातून काढा. निलेश साबळे डॉक्टर आहेत. राजू श्रीवास्तवचे वडील कानपूरचे कवी, बलई काका. कपिल शर्माचे वडील अमृतसरला हेड कॉन्स्टेबल होते. २००४ मध्ये ते कॅन्सरने गेले आणि पोरगं लाफ्टर चॅलेंज जिंकलं २००७ मध्ये. भाऊ कदमांनी वडील गेल्यावर भावासोबत पानटपरी चालवली हे खरंय, पण मुलाखतीत गरिबीच खपते म्हणून तेवढीच आपल्या कानावर येते.

पाठिंब्याचा प्रश्न मात्र मला लागला.

माझा धाकटा भाऊ विनोदी मालिकांत छोटी कामं करतो. हवालदार, वेटर, नवरदेवाचा मामा. नाव सांगत नाही. चेहरा बघून 'अरे, हा तो' म्हणाल. बाबा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे. पगार आठवड्याचा, माग बंद तर पगार बंद. हा कॉलेजात एकांकिकांच्या नादी लागला. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात बक्षीस मिळालं त्या रात्री काका येऊन बसले, "नाच्या करतो का बे पोराला?" बाबांनी उत्तर दिलं नाही, माझ्याकडे बघितलं. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार घरात माझाच होता.

मग मुंबई. खोलीचं भाडं, पोर्टफोलिओचे फोटो, सगळं इथून. ओळखीचं कुणी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालं की आई कडक भाकरी फडक्यात बांधून द्यायची. शेंगाची चटणी दोन पिशव्यांत, कारण एकदा तेल सुटून एका पाहुण्याचे इस्त्रीचे शर्ट वाया गेले होते आणि तो माणूस अजून ऐकवतो. या धंद्यात काम 'पर डे'वर असतं आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात, तेही निर्माता सरळ असेल तर. मधले तीन महिने खायला कोण घालतं, हे कुठल्याच मुलाखतीत विचारत नाहीत.

आणि गेल्या दिवाळीत एका मुलाखतीत साहेब म्हणाले, "घरून विरोध होता, एकटा लढलो." विरोध काकांचा होता. काका म्हणजे घर का? (तेच काका आता 'आमचा पुतण्या' म्हणून स्टेटस ठेवतात.) फोन केला तर म्हणतो, "ताई, थोडक्यात सांगावं लागतं गं." थोडक्यातच सांगायचं तर 'ताईचा पगार होता' यात किती शब्द लागतात?

तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर अभिनयाच्या शिबिरात पैसे घालण्याआधी घरात ठरलेला पगार कुणाचा आहे ते बघा. तो माणूस राजी असेल तर बाकीच्या नातेवाइकांना खुशाल बोलू द्या. आणि पहिल्या मुलाखतीत त्याचं नाव घ्या.

आता सगळ्यांचंच असं असतं असं नाही. काहीजण खरंच भांडून घर सोडतात, मुलींना तर जास्तच ऐकून घ्यावं लागतं. शिवाय मुंबईलाच जावं लागतं असंही नाही, 'हास्यसम्राट'वाले प्रा. दीपक देशपांडे आमच्या सोलापूरचेच. पण ते एकपात्री, त्यांना माइक पुरतो. मालिकेला सेटच्या जवळ राहावं लागतं, आणि तिथलं भाडं कुणीतरी भरावंच लागतं.

त्याची बायको इथे रोज वाचते, तेव्हा हे पोचेलच त्याच्यापर्यंत.