पियाजे, ब्रुनर, वायगॉत्स्की पहिली-दुसरीच्या वर्गात नेमके कुठे कामाला येतात?

डी.एल.एड.ला (शिक्षक पदविकेला) पाठ केलेल्या या तीन मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतांचा वर्गात उपयोग काय, माझी मुलं तर २१ ला १२ लिहितात, असं तुम्ही विचारलंय. उपयोग याच चुकीपासून सुरू होतो.

‘एकवीस’ म्हणताना आधी ‘एक’ ऐकू येतो, म्हणून मूल तोच आधी लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९. मूल धांदरट नाही, जे ऐकलं तेच लिहितंय. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचनही दिलं. त्यावर बराच गदारोळ झाला, पण मला ते योग्यच वाटतं.

लिहिण्याआधी पियाजेची चाचणी घ्या: मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे मुलाला कळतं का? सात-सात चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. ‘सारखेच आहेत’ असं मूल म्हणालं की एक ओळ पसरून पुन्हा विचारा. पाच-सहा वर्षांची बरीच मुलं पसरलेल्या ओळीत जास्त म्हणतात. तिथे समजावत बसू नका, एकास एक जोड्या लावू द्या. मात्र बाईंनी तोच प्रश्न परत विचारला की आपलं आधीचं उत्तर चुकलं असंही मुलाला वाटतं. म्हणून कधी ओळ पसरल्यावर एकदाच विचारून पाहा.

पुढे ब्रुनरचा क्रम: वस्तू, चित्र, चिन्ह. दहा काड्या मोजून रबर लावायचं काम मुलाचंच. तयार गठ्ठे दिले की दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पाहून उत्तर येतं ‘पाच’, कारण त्याच्या लेखी गठ्ठा म्हणजे एक वस्तू. अशा वेळी रबर काढायला लावा, मोजू द्या, पुन्हा बांधू द्या. मग वहीत गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्या काडीला ठिपका. अंक सगळ्यात शेवटी: ‘२०’ची पट्टी, आणि तिच्या शून्यावर नेमकं बसेल एवढंच ‘१’चं कार्ड. घाई इथेच होते. तिसऱ्या दिवशी फळा सुरू होतो आणि काड्या कपाटात जातात.

वायगॉत्स्की आठवायचा तो मुलांच्या जोड्या लावताना: एकट्याला जमत नाही ते थोड्या मदतीने जमतं, हे त्याचं म्हणणं. वर्गातलं सर्वांत हुशार मूल उत्तर सांगून मोकळं होतं. ज्याला नुकतंच जमू लागलंय, ते अडलेल्या मुलाच्या शेजारी बसवा. तुमची मदतही कमी करत न्या: आज गठ्ठे पुढे सरकवा, उद्या नुसतं ‘गठ्ठे किती?’ विचारा, परवा गप्प राहा.

नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा-कळवणकडचं मूल अहिराणीत मोजत असेल तर मोजू द्या. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात हिंदी बोलणारी मुलं असतील, तर ‘इक्कीस’मध्येही तोच घोळ आहे, त्यांनाही पट्टी आणि कार्डच द्या.