पाच माणसांच्या घराला क्लॅव्हिस ईव्ही की क्रेटा इलेक्ट्रिक?

कियाची सात सीटची क्लॅव्हिस ईव्ही घ्या, ह्युंदाईची पाच सीटची क्रेटा नको.

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं, आईवडील सत्तरीच्या पुढचे, रोजची धाव चाळीस किलोमीटर, सणावाराला गाव, आणि बजेट दोन्ही गाड्यांना पुरतं. तरी 'सात सीट उगाच होतील' म्हणून क्रेटा इलेक्ट्रिककडे मन ओढतंय. हे 'उगाच' आमच्या घरात मी इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कागदावर दोन्हींत भांडण लावायला फारसं काही नाही. दोन्ही २०२५ साली आल्या, दोन्ही एकाच कोरियन घराण्यातल्या. बॅटऱ्या त्याच, ४२ आणि ५१.४ किलोवॅट-तासाच्या. बाजारात आल्या तेव्हा सुरुवातीची एक्स-शोरूम किंमतही तीच, १७.९९ लाख. मोठ्या बॅटरीची कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, क्लॅव्हिसची ४९० किलोमीटर, क्रेटाची सुरुवातीला ४७३. हायवेला यातला पाऊण हिस्सा धरून चाला. ५ टक्के जीएसटी आणि एक्स्प्रेसवे, अटल सेतू, समृद्धीवरची टोलमाफी दोन्हींना सारखीच. उरतो तो आतल्या जागेचा प्रश्न. क्लॅव्हिसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७८० मिलिमीटर, क्रेटाचा २६१०. हा सतरा सेंटिमीटरचा फरक चालवणाऱ्याला जाणवत नाही, मागे बसणाऱ्याला जाणवतो.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. गणपतीला सगळे पुण्याहून जातो. माझ्या थोरल्या दिरांचा गाड्यांच्या बाबतीत घरात शब्द चालतो, आणि त्यांचं ठाम मत की सात सीटची गाडी म्हणजे वडाप, माणसं कोंबून नेणारी जीप. आपण उंच, रुबाबदार गाडी घ्यावी, माणसं वाढली तर दुसरी गाडी काढावी. वर्षानुवर्षं तसंच चाललं. पुढे दोघे पुरुष, मागे सासूबाई आणि आत्याबाई, मधे माझी मुलगी. मी मागून दुसऱ्या गाडीत, बॅगा आणि मखराच्या सामानासोबत. आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय पुरता दुमडत नाही. मुलगी झोपेत जरा कलली तरी त्यांच्या गुडघ्याला धक्का. कऱ्हाड मागे पडलं की त्यांना पाय मोकळा करायला उतरावंसं वाटायचं, पण घाट उजेडी उतरायचा म्हणून सगळ्यांची घाई, आणि त्या बोलायच्याच नाहीत. गावी पोचल्यावर पायाची सूज बघून कळायचं. पाच सीटच्या गाडीत पाचवा माणूस बसला की कुणालातरी अंग चोरून बसावं लागतं, आणि आपल्याकडे अंग चोरायची पाळी नेहमी घरातल्या बाईवर किंवा पोरावर येते. माझा सगळा राग त्यावर आहे.

नवी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, यावेळी मी ठरवणार आणि मीच चालवणार. क्लॅव्हिस घेतली, मोठ्या बॅटरीची. गणपतीला निघालो तेव्हा मुलगी तिसऱ्या रांगेत, तिच्या शेजारची अर्धी सीट पाडून त्यावर बॅगा, मोदकपात्र, मखराचे तुकडे. मधल्या रांगेत सासूबाई आणि आत्याबाई दोघीच, पट्टा लावून ऐसपैस. आत्याबाईंचा पाय सरळ पुढे. सात सीट सात माणसांसाठी घ्यायच्याच नसतात. पाच माणसं माणसासारखी बसावीत म्हणून घ्यायच्या असतात. हे भाऊजींना मी आजवर पटवू शकलेले नाही, तुम्हाला पटलं तरी पुरे.

वेग ऐंशी-नव्वदच्या आत ठेवला. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, चार्ज तिथे जातो, माणसांच्या वजनाने सपाटीवर फार फरक पडत नाही. कऱ्हाडला जेवण होईपर्यंत गाडी फास्ट चार्जरला. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्लीचा उतार. त्या उतारावर मोटर उलट वीज बनवते, ब्रेकला पाय क्वचितच लागतो, आणि घाटाखाली चार्जचा आकडा माथ्यावरच्यापेक्षा जास्त दिसतो. परतताना चढाला तो हिशेब वसूल होतो, तेव्हा गावाहून निघताना बॅटरी भरलेली ठेवा. घरी पोचल्यावर आत्याबाई काठी न मागता ओटीपर्यंत चालत गेल्या. भाऊजी ओटीवरच होते. त्यांनी विचारलं, रेंज किती मिळाली?

गावच्या चार्जिंगचं मात्र नीट बघा, तुम्ही ते विचारलेलं नाही तरी. आमच्याकडे सगळा जांभा कातळ, अर्थिंग धड नव्हतं, आणि अर्थिंग नसेल तर गाडीसोबतचा चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही. विहिरीजवळच्या ओल्या जागेत खड्डा काढून, कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग करून घेतलं. साध्या सोळा अँपिअरच्या प्लगवर तासाला तीनेक युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, जातात, म्हणजे रात्रभरात मोठी बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त. चार दिवसांच्या मुक्कामाला ते भरपूर झालं.

आता क्रेटाच्या बाजूनेही. सातही माणसं बसवून लांब जाणार असाल तर क्लॅव्हिसची डिकी २१६ लिटरची उरते, क्रेटाची ४३३ आहे. बॅटरी तळाशी असल्याने तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. तिथे पोरं बसवा, आईवडिलांना नको. लांबी ४५५० मिलिमीटर, क्रेटापेक्षा एकवीस सेंटिमीटर जास्त. सोसायटीतली जागा खांबांमधली असेल तर आधी टेपने मोजून घ्या. घरात चौघंच असते आणि म्हातारं माणूस नसतं, तर मीही क्रेटाच सांगितली असती, चालवायला ती आटोपशीर आहे.

रिसेलचं विचारलंयत. आईवडिलांना बसवायची गाडी रिसेल बघून घेऊ नका, एवढंच सांगेन.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आमच्या घरी आजवर प्रत्येक गाडी पुढे बसणाऱ्यांनी पसंत केली, मागच्यांना कुणी विचारलंच नाही. दोन्ही शोरूमला आईवडिलांना न्या, सोबत मुलालाही, आणि गावाला नेता त्याच बॅगा न्या. पाचही जण बसा, तिसरी रांग अर्धी पाडून सामान लावून बघा, आणि निदान अर्धा तास खराब रस्त्याने फिरवा. त्या वेळात स्टिअरिंग बायकोकडे द्या आणि तुम्ही मागे मधल्या सीटवर बसा, आधी क्रेटात, मग क्लॅव्हिसमध्ये.