समुद्रात कृत्रिम रीफ केली तर मासे वाढणारच ना, मग मच्छीमार विरोध का करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सिंधुदुर्गात निवती रॉक या समुद्रातल्या खडकाजवळ नेव्हीची जुनी बोट बुडवून कृत्रिम रीफ, म्हणजे माशांना आसरा देणारी माणसाने केलेली जागा, करायचं ठरलंय, मासे वाढतील, डायव्हिंगला पर्यटक येतील, गावात पैसा येईल, तरी किनाऱ्यावरचे काही लोक नको म्हणतात, हा विकासाला विरोध नाही का.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या मच्छीमार घरातला. आमची अजूनही एक होडी आहे, थोरला भाऊ तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आहे, मी स्वतः आता नोकरी करतो पण सुट्टीत समुद्रावर जातोच. त्यामुळे ऐकीव सांगत नाही. आमच्या बंदरावर रीफ या गोष्टीलाच विरोध करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. खडपाजवळ, म्हणजे पाण्याखालच्या खडकाजवळ, मासा असतो हे शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत असतं, गोबरा, तांबोशी मिळते ती तिथेच. भांडण असतं ते जागा कुणी ठरवली, बुडवायच्या आधी काय काय काढून घेतलं, आणि बुडवल्यावर आजूबाजूचं पाणी कुणाचं राहणार यावर. हे तीन प्रश्न विचारले की लगेच "विरोधक" शिक्का बसतो आणि मला त्याचाच राग येतो.

आधी बोटीबद्दल. आयएनएस गुलदार, पोलंडमध्ये बांधलेली, 1985 ला नौदलात आली, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवायच्या कामाची, लांबी जवळपास 84 मीटर. 12 जानेवारी 2024 ला पोर्ट ब्लेअरला तिला निवृत्त केलं आणि 2025 मध्ये ती एमटीडीसीकडे, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे, आली, पाण्याखालचं म्युझियम, कृत्रिम रीफ आणि पाणबुडीतून पर्यटन असं सगळं मिळून केंद्राने 46.91 कोटी मंजूर केलेत. जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, मालवण-तारकर्लीला स्कुबाने किती घरं सावरली ते आम्ही बघतोय, त्यामुळे हे होऊ नये असं मला वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल 84 मीटरच्या बोटीने एवढ्या मोठ्या समुद्रात कुणाचं काय अडणार आहे. इथेच बाहेरच्या माणसाचा हिशोब चुकतो. आमच्याकडे कांडाळ वापरतात, म्हणजे गिलनेट, पाण्यात पडदा लावल्यासारखं उभं राहणारं जाळं, वर बोया आणि खाली शिशाची दोरी. हे जाळं सोडलं की ते एका जागी थांबत नाही, पाण्याच्या ओढीबरोबर सरकत जातं, आणि ओढ भरतीला एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे, उधाणाला अजून जोरात. म्हणजे खाली एखादी अडचण असेल तर फक्त तिच्यावर जाळं टाकायचं नाही एवढ्याने भागत नाही, जिथून जाळं वाहत तिच्यावर जाऊ शकतं ते सगळं पाणी सोडावं लागतं. नकाशावर ठिपका छोटा दिसतो, पण होडीवाल्याला त्याच्या कितीतरी पट पाणी बंद होतं.

जाळं अडकलं की काय होतं ते एकदा होडीत बसून बघा. ओढताना दोरी अचानक ताठ होते आणि होडीची एक बाजू खाली दबते, भाऊ लगेच इंजिन न्यूट्रलला टाकतो आणि दोरीवर नुसता हात ठेवून अंदाज घेतो की दगड आहे, दुसऱ्याचं जुनं जाळं आहे की अजून काही. मग होडी वळवून उलट्या बाजूने ओढून बघायचं, ओढ कमी व्हायची वाट बघायची, पुन्हा ओढायचं, आणि सुटलंच नाही तर सुरीने कापायचं. कापलेला तुकडा खाली राहतो आणि तिथे मासे, खेकडे मरत राहतात, कधी कासवंही. वर आलेल्या जाळ्यात मधोमध भगदाड. मग ते जाळं अंगणात पसरून घरातली सगळी माणसं सुई-दोरा घेऊन बसतात आणि तेवढे दिवस होडी किनाऱ्यावर. खडपाच्या जागा आम्हाला पिढ्यानपिढ्या पाठ आहेत म्हणून आम्ही त्या टाळू शकतो, आणि आता होडीवरच्या जीपीएस प्लॉटरमध्ये पॉइंट मारून ठेवलेले असतात. नवीन बोट बुडवणार असाल तर तिचा पॉइंट प्रत्येक होडीवाल्याकडे आधी पोचला पाहिजे, आणि वर लावलेला बोया पहिल्याच पावसाळ्यात तुटून गेला तर तो पुन्हा कोण लावणार हेही लिहून पाहिजे. हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो पण जूनच्या समुद्रात बोया टिकवणं काय असतं हे इथल्या माणसाला विचारा.

(रापणवाल्यांचा यात फारसा संबंध नाही, रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढतात. काही लोक "सगळी मासेमारी संपणार" असं बोलतात तेही बरोबर नाही. नुकसान झालंच तर कांडाळवाल्यांचं आधी होईल, आणि गरीवाल्यांचा, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांचा, उलट फायदा होऊ शकतो, जर त्यांना तिथे जाऊ दिलं तर.)

आता "मासे वाढतील" याकडे येऊ. रीफमुळे मासे खरोखर जास्त जन्माला येतात की आजूबाजूला विखुरलेले मासे तिथे फक्त गोळा होतात, हा वाद शास्त्रज्ञांमध्येही बरीच वर्षं चालू आहे, आणि उत्तर जागेवर, माशाच्या जातीवर आणि मुख्य म्हणजे तिथे मासेमारी किती होते यावर अवलंबून असतं. गोबऱ्यासारख्या कपारीत राहणाऱ्या माशाला नवीन घर मिळालं तर तो वाढू शकतो. बांगडा, तारली हे थव्याने फिरणारे मासे, ते आज इथे उद्या तिथे. आणि मासा एका ठरलेल्या जागी गोळा व्हायला लागला की ती जागा सगळ्यात आधी कुणाच्या हाती जाईल? पारंपरिक होडीवाल्याच्या नाही. राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 ला पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, निर्बंध आणले, केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिवे लावून मासे गोळा करून पकडायला बंदी केली, पण रात्री किनाऱ्यावर उभं राहिलात तर दूर समुद्रात दिवे दिसतात, आणि परराज्यातले मोठे ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, आत येतात म्हणून दरवर्षी आंदोलनं होतात ती वेगळीच. हे कायदे कागदावर असताना जर राबवता येत नसतील तर मासे गोळा करणारी जागा तयार करून आपण कुणाची सोय करतोय, असं कुणी विचारलं तर त्याला विकासविरोधी म्हणू नका.

पर्यटनासाठी जागा राखीव झाली तर दुसरीच अडचण. डायव्हर खाली असताना वर जाळं चालणारच नाही, ते धोकादायक आहे हे मान्य. म्हणजे मासे असतील पण बघायला, पकडायला नाही. मग डायव्हिंगची जी फी येईल त्यातला वाटा ज्याचं पाणी गेलं त्याच्या सोसायटीला मिळणार का, बोट चालवायचं काम गावातल्या पोरांना मिळणार का, हे आधी ठरवायला नको? रापणीत दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा असतो, त्या लोकांना वाट्याची भाषा समजावून सांगायची गरज नाही.

आता विरोधाने काय होतं त्याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण सांगतो, ते ऑस्ट्रेलियातलं आहे. एचएमएएस अॅडलेड नावाची युद्धनौका, 138 मीटर लांब, 2008 ला निवृत्त झाली. न्यू साउथ वेल्समध्ये अव्होका बीच म्हणून एक गाव आहे, त्याच्यासमोर ती बुडवून डायव्हिंगसाठी कृत्रिम रीफ करायची असं ठरलं. तारीखही पक्की झाली, 27 मार्च 2010. तिथल्या रहिवाशांनी नो शिप अॅक्शन ग्रुप नावाने संघटना केली. ते मच्छीमार नव्हते, किनाऱ्यावर राहणारे, सर्फिंग करणारे साधे लोक होते. त्यांचं म्हणणं होतं की बोटीत शिशाचा रंग आहे, वायरी आणि इन्सुलेशनमध्ये पीसीबी असण्याची शक्यता आहे, आणि एवढं मोठं धूड किनाऱ्याच्या इतक्या जवळ टाकलं तर लाटांवर आणि वाळूवर काय परिणाम होईल. पीसीबी म्हणजे जुन्या काळी वायरींच्या आवरणात, रंगात वापरलेलं रसायन, ते समुद्रात लवकर नष्ट होत नाही, छोट्या माशातून मोठ्या माशात साठत जातं आणि शेवटी आपल्या ताटात.

तेव्हाही त्यांना हेच सांगितलं गेलं की बोट साफ केलीय, सगळे नियम पाळलेत, उगाच खोडा घालू नका. ते प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले, बुडवायच्या तोंडावर स्थगिती मिळाली, आणि सप्टेंबर 2010 मध्ये निकाल लागला. निकालात बोट बुडवायला परवानगी दिली, पण उरलेलं इन्सुलेशन आणि वायरिंग काढा, सुटत चाललेला शिशाचा लाल रंग काढा, असं सांगितलं. म्हणजे "सगळं साफ आहे" म्हणून जी बोट मार्चमध्ये बुडणार होती तिच्यात काढण्यासारखं अजून बरंच होतं. ते काढलं आणि 13 एप्रिल 2011 ला बोट बुडवली, ऐनवेळी डॉल्फिन आसपास आले म्हणून ते जाईपर्यंत थांबले होते. आज तिथे लोक डायव्हिंग करतात, त्या जागेत लंगर टाकायला बंदी आहे, ठरलेल्या मुरिंगलाच, म्हणजे कायम लावलेल्या बोयालाच, बोट बांधायची. विरोध करणारे कोर्टात पूर्ण जिंकले नाहीत, पण तिथल्या समुद्रात जे शिसं आणि इन्सुलेशन गेलं नाही ते त्यांच्यामुळे गेलं नाही.

आणि कुणीच न अडवल्यावर काय होतं तेही बघा. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर 1970च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले, रीफ म्हणून, तेव्हा सगळ्यांना कल्पना आवडली होती, कचराही जाईल आणि मासेही येतील. टायर बांधलेल्या पट्ट्या आणि क्लिपा गंजून तुटल्या, टायर मोकळे झाले आणि वादळात शेजारच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आपटायला लागले, ते काढायला सैन्याचे डायव्हर लावावे लागले. त्याच राज्यात 2006 मध्ये पेन्साकोलासमोर ओरिस्कनी ही विमानवाहू नौका बुडवली, वायरींच्या आवरणातलं पीसीबी तसंच ठेवून, आणि पुढे तिथल्या माशांमध्ये पीसीबी सापडलं. एकदा तळाला गेलेली वस्तू परत काढणं जवळपास अशक्य असतं, म्हणून सगळी भांडणं बुडवायच्या आधीच व्हायला पाहिजेत.

आपल्या देशातलंच उलटं उदाहरण पण आहे. तिरुवनंतपुरमच्या बाजूच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी 1980च्या दशकात स्वतःच्या हाताने रीफ तयार केल्या, दगड, झाडांची खोडं, विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा असं जे परवडेल ते टाकून, कारण ट्रॉलर तळ खरवडून नेत होते आणि गरीवाल्यांना काही उरत नव्हतं. तिथे कोण विरोध करणार? जागा त्यांनी निवडली, टाकली त्यांनी, मासे पण त्यांनीच पकडायचे. आता प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत 11 राज्यांत मिळून 937 कृत्रिम रीफ मंजूर झाल्यात, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, बहुतेक छोट्या मच्छीमारांसाठीच. जागा ठरवताना तांडेलाला होडीत बरोबर घेतलं तर आमच्याकडेही अशा रीफसाठी लोक स्वतः वर्गणी काढतील, हे मी खात्रीने सांगतो.

तुम्ही बहुतेक गावाबाहेरचे आहात किंवा नोकरीनिमित्त बाहेर असाल, तर पुढच्या वेळी अशी बातमी वाचली की कोण बरोबर कोण चूक ठरवायच्या आधी काही कागद बघायला मिळतात का ते बघा. बोटीतून तेल, वायरी, इन्सुलेशन, रंग यातलं नेमकं काय काढलं आणि ते कुणी तपासलं याचा अहवाल. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, मंजुरीत काय अटी घातल्यात, कारण 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणीही त्यात येतं. तळाचा सर्व्हे कोणत्या महिन्यात केला, कारण मार्चमधला शांत समुद्र बघून जुलैचा अंदाज येत नाही. मासेमारी किती भागात बंद राहणार आणि ते मच्छीमार सोसायटीला लेखी कळवलंय का. हे सगळं मिळालं आणि तरीही कुणी नुसतं नको नको करत असेल तर मी स्वतः त्याच्याशी जाऊन भांडेन. कागदच दाखवत नसतील तर मात्र मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे, आणि तुम्हीही एकदा आमच्या बंदरावर येऊन कांडाळवाल्यांशी बोला, पहाटे होड्या लागतात तेव्हा सगळे तिथेच असतात.