काटा हलत नाही तेव्हा

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न आठ विचारलेस, पण त्यातला खरा एकच, तोही ता. क. करून शेवटी लिहिलेला. तीन वर्षं आयसीयूत काढल्यावर हाताला सगळं येतंच, मग पहिल्या वर्षाची थिअरी कशीबशी उरकली तर चालेल का?

बाकीचे आधी संपवते. अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी नर्स, व्हायला नर्सिंगचं लायसन्स आणि अतिदक्षता विभागातला किमान १ वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तुझा तो झालाय. २०२२ पासून नवा प्रवेश फक्त डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमाला मिळतो आणि तो किमान ३६ महिन्यांचा असतो. पदवी डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) घ्यावी की डीएनएपी (खास नर्स अ‍ॅनेस्थेशियातली डॉक्टरेट), यावर तू अर्धं पान खर्च केलंयस. सर्टिफिकेशनची परीक्षा दोघांना एकच आहे, तेव्हा ते अर्धं पान खोडून टाक. नोकरी सोडावी लागेल असंच धरून चाल. शिकता शिकता शिफ्ट करणारे मी पाहिलेत, पण दुसऱ्या सत्रानंतर नाही.

आता थिअरी. मी विद्यार्थिनी असताना एका सकाळी भुलीचं मशीन तपासत होते. मागच्या नायट्रस ऑक्साइडच्या (भुलीच्या एका वायूच्या) सिलिंडरचं गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, ७४५ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवत होतं. “भरलेला आहे,” मी प्रिसेप्टरला, म्हणजे मला शिकवणाऱ्या अनुभवी नर्सला, ठणकावून सांगितलं. तिने सिलिंडर काढला आणि माझ्या हातात दिला. चांगलाच हलका होता. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. तळाशी थोडा जरी द्रव उरला असला तरी वरच्या वायूचा दाब तेवढाच राहतो, काटा जागचा हलत नाही. तो उतरायला लागतो तेव्हा बहुतेक माल संपलेला असतो. अंगणातल्या ग्रिलच्या प्रोपेनच्या टाकीसारखंच हे, वजन तेवढं खरं बोलतं. ऑक्सिजन मात्र सिलिंडरमध्ये वायूच असतो, म्हणून त्याचा काटा इमानाने खाली येतो. हे सगळं आदल्याच महिन्यात वर्गात झालं होतं आणि त्या पेपरात मला नव्वदच्या वर मार्क होते. लाज वाटली ती मार्कांची.

तुझ्या हाताला येतं ते काय, तेही बघू. भूल देण्याआधी मास्कने ऑक्सिजन देतात, ते तू शंभरदा पाहिलंयस. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा उरते, तिच्यातला नायट्रोजन धुऊन काढायचा आणि त्या जागी ऑक्सिजन साठवायचा, एवढाच त्यामागचा हेतू. हा साठा नीट भरला तर निरोगी प्रौढ माणूस श्वास थांबल्यावर साधारण ८ मिनिटं तग धरतो. साध्या हवेवर मिनिटभरात घसरण सुरू होते. पण पूर्ण दिवसांची गरोदर बाई असेल तर? तिचा साठा लहान आणि ऑक्सिजनचा खप जास्त. तिच्याबाबतीत ८ मिनिटांच्या भरवशावर राहायचं नसतं. शिवाय ऑक्सिजन मोजणारं बोटावरचं यंत्र ही घसरण उशिराच सांगतं. तोवर तुला ते कळलेलं असायला हवं, आणि ते शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला कळतं.

औषधशास्त्रात तर उफराटंच वाटेल. रक्तात कमी विरघळणारा वायू लवकर भूल देतो आणि रुग्ण त्यातून लवकर जागाही होतो. डेसफ्लुरेन तसा आहे. का, ते वर्गमैत्रिणीला कागदावर काढून समजावता आलं तर विषय झाला समज. नाहीतर नुसतं पाठ.

आयसीयूत तुझ्या आणि औषधाच्या मध्ये डॉक्टरांची ऑर्डर असते, फार्मसी असते, थोडा वेळ असतो. इथे औषध तूच ठरवणार, तूच भरणार, तूच देणार, आणि सिरिंज खाली ठेवेपर्यंत रक्तदाब पडलेला असेल. पुस्तक उघडायला सवड नाही. पदवीपर्यंत किमान ६०० केसेस आणि २००० तास भरावे लागतात. ते भरतात गं, त्याची काळजी नको. शेवटच्या परीक्षेत १०० ते १७० प्रश्न येतात, तिचीही आत्तापासून नको.

अ‍ॅलिस मगॉ ही अमेरिकेतल्या मेयो बंधू या सर्जनांच्या शस्त्रक्रियांना भूल देणारी नर्स. १९०६ मध्ये तिने चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा छापला; त्यांत भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. ईथर, क्लोरोफॉर्म आणि रुग्णाकडे लागलेले डोळे, एवढंच तिच्याकडे होतं. आपल्याकडे पडदाभर आकडे आहेत आणि त्यातला कुठला कधी गप्प बसतो हे आपल्यालाच ठाऊक हवं.

तर हा गृहपाठ. ऑक्सिजनचा ई आकाराचा सिलिंडर भरलेला असताना साधारण १९०० पीएसआय दाखवतो आणि त्यात ६६० लिटर ऑक्सिजन असतो. रुग्णाला घेऊन तुला लिफ्टने सहाव्या मजल्यावर जायचंय. गेज ९५०, प्रवाह मिनिटाला १० लिटर. निघायच्या आधी मला कळव, किती मिनिटं आहेत तुझ्याकडे, आणि लिफ्ट मध्येच अडकली तर?

तुझी,
ताई